विश्लेषण : पंधरा वर्षे सांभाळायची आलिशान एसयूव्ही... इंजिन डिझेल, पेट्रोल की हायब्रिड?

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी तब्बल १५० मर्सिडीज खरेदी केल्या आणि ती बातमी देशभर गाजली. त्यातल्या ज्या गाड्या आजही पहिल्या मालकाच्या दारात उभ्या असतील, त्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षे ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. आलिशान गाडी तीन-चार वर्षांत बदलणाऱ्यांना ही तारीख कधी दिसतच नाही. पण आयुष्यात एकदाच मोठी गाडी घ्यायची आणि ती निवृत्तीपर्यंत चालवायची, असे ठरवणारेही कमी नाहीत. त्यांच्यासाठी इंजिनाची निवड हा माहितीपत्रकातल्या हॉर्सपॉवरपेक्षा बराच वेगळा प्रश्न आहे.

गाडी चालणार कुठे?

उदाहरण म्हणून सारसोळे घेऊ. नेरुळच्या सेक्टर ६ ला लागून असलेले हे गाव. एका बाजूला खाडी, जेट्टी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला सिडकोचे सेक्टर आणि मध्ये पाम बीच रस्ता. समजा, इथल्या एका कुटुंबाने साधारण ८० लाख रुपयांची एसयूव्ही घ्यायचे ठरवले आहे. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे, नाहीतर वर्षानुवर्षांच्या धंद्याचे पैसे त्यात जाणार आहेत आणि पुन्हा अशी गाडी होणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता या गाडीचा दिनक्रम पाहा. सकाळी मुलांना शाळेत सोडणे, मग वाशीला दुकान किंवा ऑफिस, संध्याकाळी सीवूड्स, एखाद्या दिवशी बेलापूर. बहुतेक फेऱ्या दहा किलोमीटरच्या आतल्या. नवी गाडी पहिल्यांदा कार्ल्याला एकविरेच्या दर्शनाला जाईल, चैत्रात पुन्हा जाईल, मे महिन्यात कोकण होईल. वर्षाकाठी सहा-सात हजार किलोमीटर झाले तरी खूप. शोरूममध्ये हा हिशेब क्वचितच विचारला जातो. तिथे प्रश्न असतो ‘बजेट किती?’ खरे तर पहिला प्रश्न ‘एका वेळी गाडी किती मिनिटे चालते?’ हा असायला हवा.

लहान फेऱ्यांचे डिझेलशी वावडे का?

‘मोठ्या गाडीला डिझेलच’ हे आपल्याकडचे ठाम मत. त्यामागे अनुभव आहे, पण तो जुन्या डिझेलचा. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल गाडीच्या धुराड्याच्या वाटेवर एक छोटा रासायनिक कारखानाच बसला. १ एप्रिल २०२३ पासून प्रदूषणाची चाचणी प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही होऊ लागल्याने हा कारखाना आणखी काटेकोर झाला.

यातला कळीचा भाग म्हणजे डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. इंजिनातून निघणारी काजळी तिच्यात साठते. ठरावीक प्रमाणात साठली की गाडीचा संगणक जादा डिझेल सोडून धुराचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेले असावे लागते आणि गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटे न थांबता, बऱ्या वेगाने चालावी लागते.

सारसोळ्याहून वाशीला जाताना हे होत नाही. पाम बीच रस्ता मोकळा दिसतो खरा, पण तो जेमतेम दहा किलोमीटरचा आणि गाव त्याच्या मध्यावर कुठेतरी. इंजिन तापायला लागते तोवर सिग्नल येतो, नाहीतर मुक्काम येतो. रिजनरेशन सुरू होते आणि चालक गाडी बंद करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक प्रयत्नात न जळालेले थोडे डिझेल पिस्टनच्या कडेने झिरपून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. म्हणून अशा गाडीत ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. अनेक मालकांना त्याचा आनंद होतो, ‘गाडी ऑइल पीत नाही’ म्हणून. प्रत्यक्षात ऑइल पातळ होत असते आणि टर्बो, बेअरिंग त्याच पातळ ऑइलवर चालत असतात.

शिवाय काजळी जळाली तरी राख उरते. ती ऑइलमधल्या रसायनांची असते आणि ती जळत नाही. म्हणून डीपीएफच्या गाडीत कमी राखेचे, कंपनीने नेमून दिलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. ‘चांगल्या ब्रँडचे टाकले’ एवढे पुरत नाही. पुढे नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी युरियाच्या द्रावणाची यंत्रणा असते. तिची टाकी रिकामी झाली की इशारे येतात आणि दुर्लक्ष केले तर गाडी पुन्हा सुरूच होत नाही. वॉरंटी संपल्यावर आलिशान गाडीचा डीपीएफ, इंजेक्टर किंवा ही युरियाची यंत्रणा बदलायची वेळ आली, तर बिल लाखांत जाते.

‘डीपीएफ काढून टाका, कटकट मिटेल’ असा सल्ला काही गॅरेजवाले देतात. तो ऐकू नये. गाडी प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही आणि पंधरा वर्षांनी फिटनेसच्या दारात हीच गोष्ट आडवी येते. गाडी ठेवायचीच असेल, तर पुढे नोंदणीच अडेल असे काही करण्यात शहाणपण नाही.

मग डिझेल कुणी घ्यावे?

ज्याची गाडी दर आठवड्याला द्रुतगती मार्गावर जाते त्याने. नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी अशा वाऱ्या असतील, अलिबाग-महाडला काम असेल, तर डिझेल आजही उत्तम आहे. कळंबोलीहून खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत एका गतीत गेले की डीपीएफचे काम बहुतेकदा आपसूक होऊन जाते. भरल्या गाडीने घाट चढताना डिझेलची ताकद जाणवते ती वेगळीच. बीएमडब्ल्यू एक्स-५ चे उदाहरण घ्या. तिच्या पेट्रोल आवृत्तीची ताकद ३८१ हॉर्सपॉवर, डिझेलची २८६. पण टॉर्क पाहिला तर पेट्रोलचा ५२० न्यूटन मीटर आणि डिझेलचा ६५०. बोरघाटात सात माणसे आणि सामान घेऊन जाणाऱ्याला दुसरा आकडा महत्त्वाचा.

लांबचा वापर म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या २०१५ ते २०२० दरम्यान विकलेल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर या डिझेल गाड्यांच्या डीपीएफ यंत्रणेत दोष असल्याचा निर्णय तिथल्या संघीय न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. अडीच लाखांहून अधिक गाड्यांचा हा प्रश्न होता. गंमत म्हणजे, तिथला दोष लांबच्या, वेगवान प्रवासातच डोके वर काढत होता. टिकाऊपणासाठी नावाजलेल्या कंपनीलाही नवी यंत्रणा पहिल्या झटक्यात साधली नाही. त्यामुळे कोणतेही नवे इंजिन बाजारात आल्यावर निदान दोन वर्षे दुसऱ्यांना चालवू द्यावे, असे आमचे मत. गाडी पंधरा वर्षे ठेवणाऱ्याला दोन वर्षांची घाई कसली?

पेट्रोलमध्ये सगळे सोपे आहे का?

तुलनेने सोपे. पेट्रोल इंजिन लवकर तापते, लहान फेऱ्या निमूट सोसते आणि युरियाची भानगड नसते. ऑडीने बीएस-६ नंतर भारतात डिझेल सोडूनच दिले. व्होल्वोने २०२४ च्या सुरुवातीला जगभरात शेवटची डिझेल गाडी बनवली. कंपन्यांचा कल कुठे आहे, हे यावरून दिसते. दहा वर्षांनी सुटे भाग आणि ते बसवणारा माणूस कोणत्या इंजिनाचा मिळेल, याचाही अंदाज येतो.

पण आजच्या आलिशान पेट्रोल गाडीत टर्बो असतो आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. पूर्वी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून आत जाताना त्यांना धुऊन काढायचे. आता ते होत नाही. व्हॉल्व्हवर कार्बनचा थर चढतो आणि काही वर्षांनी तो खरवडून काढावा लागतो. टर्बोच्या उष्णतेने प्लास्टिकचे पाइप, कूलंटचे जोड, ऑइल सील सात-आठ वर्षांनी कडक होऊन तडकतात. ही कामे डीपीएफइतकी महाग नसतात, पण येतात नक्की.

दुसरा मुद्दा इथेनॉलचा. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे मायलेज थोडे घटते. नव्या गाडीचे नळ्या-सील या इंधनासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे नवी गाडी घेणाऱ्याने घाबरायचे कारण नाही. मात्र इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. खाडीकाठच्या दमट हवेत गाडी महिना-महिना उभी राहणार असेल, तर टाकीच्या तळाला पेट्रोल ठेवून तिला विसरू नये. जुनी, बीएस-४ ची आलिशान गाडी हातात असेल, तर मालकाने कंपनीचे इंधनाबद्दलचे लेखी मत मागून घ्यावे.

हायब्रिड कुठे बसते?

इथे शब्दांचा घोळ आहे. ४८ व्होल्टची ‘माइल्ड हायब्रिड’ ही मुळात पेट्रोल किंवा डिझेल गाडीच असते. छोटी मोटर मदतीला येते, गाडी सिग्नलवरून अलगद सुटते, इतकेच. ‘स्ट्राँग हायब्रिड’ वेगळी. ती सिग्नलवर, गर्दीत बऱ्याचदा इंजिन बंद ठेवून बॅटरीवर सरकते. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आणि त्याच घरातल्या लेक्ससच्या एनएक्स ३५० एच, आरएक्स ३५० एच ही आपल्याकडची उदाहरणे.

या यंत्रणेबद्दल एक गैरसमज आहे की दोन इंजिने म्हणजे दुप्पट बिघाड. यांत्रिकदृष्ट्या टोयोटाची रचना उलट सुटसुटीत आहे. तिच्यात नेहमीचा क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. गिअरबॉक्स म्हणजे दोन मोटरी आणि ग्रहमालेसारखे फिरणारे दातेरी चक्र. एनएक्स आणि आरएक्सच्या या आवृत्त्यांत टर्बोही नाही. आणि ब्रेक लावताना मोटरच गाडी आवरत असल्याने ब्रेक पॅडही जास्त टिकतात. भीती असते ती बॅटरीची. टोयोटा हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते. म्हणजे पंधरा वर्षे ठेवणाऱ्याने एका बॅटरीचा खर्च मनाशी धरून चालावे. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी दर सर्व्हिसला साफ करून घेतली, तर तो खर्च लांबतो.

पैशांचा हिशेब काय सांगतो?

महाराष्ट्रात २० लाखांवरील खासगी गाडीला एकरकमी वाहन कर पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के आहे. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के, त्यामुळे ‘फर्मच्या नावावर घेऊ’ म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा पाहावा. ८० लाखांच्या गाडीवर पेट्रोलला १० लाख ४० हजार, डिझेलला १२ लाख रुपये. म्हणजे डिझेलचा मालक दारातच १ लाख ६० हजार जास्त मोजतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्क्यांवरचा बोजा ४० टक्क्यांवर आला, पण तो डिझेल-पेट्रोल दोघांनाही सारखाच.

आता इंधन. हिशेबापुरते पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू. शहरात पेट्रोल एसयूव्ही सात, डिझेल दहा आणि स्ट्राँग हायब्रिड चौदा किलोमीटर देते असे मानू. सारसोळ्यातल्या आपल्या कुटुंबाच्या सहा हजार किलोमीटरला पेट्रोलचे वर्षाला सुमारे ८९ हजार, डिझेलचे ५४ हजार आणि हायब्रिडचे साडेचव्वेचाळीस हजार रुपये होतात. म्हणजे डिझेल पेट्रोलपेक्षा वर्षाला ३५ हजार वाचवते. बारा वर्षांत ४ लाख २० हजार. त्यातून जादा कर वजा केला की उरतात २ लाख ६० हजार. एक डीपीएफ आणि इंजेक्टरचे एखादे काम एवढे पैसे सहज गिळते.

याच गाडीने वर्षाला वीस हजार किलोमीटर, तेही हमरस्त्यावर केले, तर चित्र पालटते. पेट्रोलचे दहा आणि डिझेलचे चौदा मायलेज धरले तरी वर्षाला जवळपास ८० हजारांची बचत, बारा वर्षांत साडेनऊ लाखांच्या घरात. इथे डिझेलच्या बाजूने वाद घालायची गरजही उरत नाही.

इलेक्ट्रिकचे काय, असा प्रश्न वाचक विचारतीलच. जीएसटी ५ टक्के, राज्याच्या २०२५ च्या धोरणात वाहन कर माफ, अटल सेतूवर टोल माफ आणि लहान फेऱ्यांचे कसलेही दुखणे नाही. गावठाणात स्वतःच्या जागेत चार्जर लावता येत असेल, तर तिचा विचार जरूर करावा. पंधरा वर्षांनंतरच्या बॅटरीचा आणि किमतीचा अंदाज मात्र आज कुणालाच नाही.

सरकार उद्या काय करेल?

गाडी ठेवणाऱ्याची खरी झोप उडवणारा प्रश्न हाच. दिल्लीचा अनुभव समोर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सीसी आणि त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. ती ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण उपकरासह पुन्हा सुरू झाली. दरम्यान कंपन्यांना घाईघाईने लहान डिझेल आणि मोठी पेट्रोल इंजिने आणावी लागली. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदीचा घोळ २०२५ मध्येही सुरूच होता. ऑगस्टमध्ये न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली आणि डिसेंबरमध्ये तो दिलासा बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरता उरला.

‘ते दिल्लीत’ असे नवी मुंबईकरांनी म्हणू नये. मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरील सुनावणीत केलेल्या सूचनेनंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल वाहनांवर बंदी घालता येईल का, हे तपासण्यासाठी सात सदस्यांची समिती नेमली. सारसोळे याच प्रदेशात येते. त्याआधी मे २०२३ मध्ये केंद्राच्या ऊर्जाविषयक सल्लागार समितीने दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात, अशी शिफारस केली होती. ती सरकारने स्वीकारलेली नाही. पण २०११ च्या जनगणनेतच नवी मुंबईची लोकसंख्या ११ लाखांवर होती, हे लक्षात असू द्यावे.

यातून उद्या बंदी येईलच असे नाही. पण बंदी आली, तर पहिली कुऱ्हाड डिझेलवर पडेल, हे आजवरच्या प्रत्येक आदेशात आणि अहवालात दिसले आहे. पंधरा वर्षांनी राज्यात खासगी गाडीची तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. ती सोय तेव्हाही आजच्यासारखीच असेल, या भरवशावर किती पैसे लावायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

इंजिन ठरल्यावर काय पाहावे?

शक्य असेल तर दोन टनांच्या गाडीला सहा सिलिंडरचे इंजिन घ्यावे. एका रांगेतले सहा सिलिंडर मुळातच समतोल असतात, थरथर कमी असते आणि तेवढ्याच कामाला त्यांना कमी राबावे लागते. चार सिलिंडरचे दोन लिटरचे इंजिन वाईट नाही, पण तेवढी ताकद काढण्यासाठी त्याच्यावर टर्बोचा दाब जास्त असतो.

सर्व्हिसचे कंपनीचे वेळापत्रक हे पहिल्या मालकासाठी, वॉरंटीच्या काळापुरते आखलेले असते, असे समजून चालावे. ऑइल बदलायला पंधरा हजार किलोमीटर सांगितले असतील, तर शहरातल्या वापरात दहाच्या आत किंवा वर्षातून एकदा बदलावे. गिअरबॉक्सचे ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, असे अनेक सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकवले जाते. बऱ्याच आलिशान गाड्यांना आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. लाइफटाइम कुणाचे, हे त्यामुळे विचारून घ्यावे.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक करावे. पावसाळा संपल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवावी आणि गंज पाहावा. लहान फेऱ्यांत सायलेन्सरमधले पाणी पूर्ण सुकत नाही आणि खाऱ्या हवेत तो आतून-बाहेरून दोन्हीकडून सडतो. इंजिन कोणतेही असो, खारफुटीलगत उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि वायर कुरतडतात. तुर्भे-शिरवणे पट्ट्यातल्या कोणत्याही मेकॅनिकला विचारा, पावसाळ्यातले हे नेहमीचे गिऱ्हाईक आहे.

आणि सही करण्याआधी शोरूममध्ये दोन कागद मागावेत. पहिला, वाढीव वॉरंटीच्या अटींचा. त्यात डीपीएफ, इंजेक्टर, टर्बो, हायब्रिड बॅटरी यांपैकी काय धरले आहे आणि काय ‘झीज’ म्हणून वगळले आहे, ते बारीक अक्षरांत असते. दुसरा, याच भागांच्या आजच्या किमतींचा. किमती लेखी द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर टेस्ट ड्राइव्ह आणखी एकदा मागावी. ती मोकळ्या हमरस्त्यावर न घेता सकाळी साडेसातला, मुलांच्या शाळेच्या वाटेवर घ्यावी.